वाड्याच्या चौकात आभासी खोली उभी करताना: खुंटीपासून चष्म्यापर्यंत

गेल्या काही वर्षांत बरेच तरुण आर्किटेक्ट मला फोन पुढे करून दाखवतात, "सर, बघा, एआरमध्ये खोली उभी केली." एआर म्हणजे कॅमेऱ्यातल्या खऱ्या दृश्यावर बसवलेलं आभासी चित्र. मी बघतो. खोली जमिनीपासून वीतभर वर तरंगत असते, दार शेजारच्या भिंतीत घुसलेलं असतं आणि दोन पावलं पुढे गेलं की सगळा इमला डावीकडे सरकतो. मग अॅपला शिव्या बसतात, फोन जुना ठरतो. अॅपचा दोष असतो, पण क्वचित. बहुतेक वेळा कामाचा क्रम उलटा झालेला असतो. मॉडेल आधी बनलेलं असतं आणि जागा नंतर मोजलेली, किंवा मोजलेलीच नसते.

हा लेख एका ठरावीक कामापुरता आहे. जुना वाडा आहे, त्याची एक बाजू पडली आहे आणि त्या जोत्यावर नवी खोली बांधायची आहे. पाया खणण्याआधी घरच्यांना आणि गवंड्याला ती खोली त्याच जागी, खऱ्या मापात दाखवायची. ओट्यावर बसता आलं पाहिजे, चौकटीला हात लागला पाहिजे. भिंती, छत आणि खिडक्या मात्र फोनमध्ये किंवा एआरच्या चष्म्यात (डोळ्यांवर चढवायच्या पडद्यात). अर्धी खरी, अर्धी आभासी. उदाहरणं लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातल्या एका वाड्याची आहेत, पण गढी असो, बारव असो की देवळाची ओवरी, क्रम हाच.

टप्पा १: परवानगी, भावकी आणि वेळ

टेप घेऊन वाड्यात शिरलात की तासाभरात गावात बातमी पसरते की वाटणी होणार. हे हसण्यावारी नेऊ नका. वाडा चार भावांच्या नावावर असतो, त्यातले दोन पुण्यात असतात आणि एकाला काहीच माहीत नसतं. सगळ्यांना आधी फोन करून सांगा की हे फक्त मोजमाप आहे. आम्ही एकदा हे केलं नाही, तर दुसऱ्या दिवशी चौकाच्या दाराला कुलूप होतं.

देवघर, माजघर, भिंतीवरचे पूर्वजांचे फोटो, कोनाड्यात ठेवलेली कागदपत्रं यातलं काय चित्रात आलेलं चालेल, हे घरातल्या बायकांना विचारा. पुरुष "काढा की बिनधास्त" म्हणतात आणि नंतर आतून बोलणी खातात.

जागा संरक्षित स्मारक असेल तर वेगळं प्रकरण. बीबी का मकबरा, दौलताबाद, वेरूळ ही ठिकाणं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. तिथे तिपाई-दिवे लावून काम करायला लेखी परवानगी घ्या. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम मना आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगीशिवाय करता येत नाही. त्यामुळे तुमचा वाडा अशा हद्दीत येतो का, हे खोली दाखवण्याआधी बघा. स्वप्न दाखवून मग "इथे बांधता येत नाही" म्हणणं वाईट. ड्रोन उडवायचा असेल तर २०२१ चे नियम लागू आहेत, डिजिटल स्काय संकेतस्थळाच्या नकाशावर त्या भागाचा रंग तपासा, त्यावरून तिथे उडवायला परवानगी लागते का ते कळतं. एका चौकासाठी ड्रोन लागत नाही, हे माझं मत. लांब काठीला फोन बांधला की भागतं.

वेळ म्हणाल तर दिवाळी ते होळी. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि उन्हात फोन तापून बंद पडतो. पावसाळ्यातला ढगाळ दिवस फोटोंसाठी सगळ्यात चांगला, पण भिंती ओल्या नकोत आणि जोत्यावर गवत नको.

सावधान: मोडकळीस आलेल्या माळवदावर (मातीच्या सपाट छतावर) चढू नका. वरून पांढरी माती घट्ट दिसते, खालच्या कड्या वाळवीने पोकळ केलेल्या असतात. ढेळजेत (दाराजवळच्या ओसरीत) मोहोळ आणि दगडांच्या फटीत विंचू आहे का, हे घरच्यांना विचारून घ्या.

टप्पा २: दोन खुणा आणि एक रेषा

पुढे जे काही होईल, ते या टप्प्यावर टिकेल किंवा कोसळेल, म्हणून इथे एक अख्खी सकाळ द्या.

चौकात लांब बाजूने दोन पक्क्या खुणा करा. एकीला 'अ' म्हणा, दुसरीला 'ब'. दोन्हींमधलं अंतर जितकं जास्त तितकं चांगलं. आमच्या वाड्यात २१ फूट ४ इंच मिळालं. लाकडी खुंटी मारू नका. आम्ही मारली, तर रात्री कोणीतरी 'ब' खुंटीला वासरू बांधलं आणि सकाळी खुंटी दोन बोटं कललेली. तेव्हापासून फरशीच्या सांध्यात लोखंडी खिळा ठोकतो, डोकं जमिनीच्या पातळीत, भोवती लाल रंगाचं वर्तुळ.

आता मोजणी. कापडी टेप ताणतो, तो घरी ठेवा. स्टीलचा किंवा फायबरचा ३० मीटरचा टेप घ्या, दोघांनी दोन टोकं धरा, प्रत्येक माप दोनदा घ्या आणि दुसऱ्या वेळी टोकांची अदलाबदल करा. मापं दोन्ही पद्धतींनी लिहा, फूट-इंच-सूत आणि मिलिमीटर. गवंडी आणि सुतार सुतात बोलतात (इंचाचा आठवा भाग), सॉफ्टवेअर मीटरमध्ये. मधला दुभाषी तुम्ही.

सगळ्यात जास्त वेळा पाहिलेली चूक इथलीच. वहीत ५ फूट १० इंच लिहिलेलं असतं आणि संगणकावर बसलेला मुलगा ते ५.१० फूट म्हणून टाकतो. ५ फूट १० इंच म्हणजे ५.८३ फूट. ५.१० फूट म्हणजे जेमतेम ५ फूट १ इंच. एका खणात (दोन खांबांमधल्या अंतरात) पावणेनऊ इंच गेले! वहीत टिंब वापरूच नका; ५'-१०" असंच लिहा.

खणावरून आठवलं. चार खणांचा सोपा (ओसरी) आहे म्हणजे एक खण मोजून चारने गुणायचं, असं करू नका. आमच्या उभ्या राहिलेल्या सोप्याचे चार खण ५'-१०", ६'-२", ६'-१" आणि ५'-११" निघाले. बेरीज बरोबर २४ फूट, पण एकही खण ६ फुटांचा नाही. सुताराने तुळई मिळेल तशी बसवली होती. नवी खोली समोरच्या खांबांशी रेषेत हवी असेल, तर प्रत्येक खांबाचा मध्य 'अ' पासून मोजा. सुटे खण मोजून बेरीज करत गेलात तर प्रत्येक सुताची चूक पुढच्या खणात जाते.

काटकोनाचंही तसंच. २४ बाय १८ चा चौक गुनियात (काटकोनात) असेल तर दोन्ही कर्ण ३० फूट यायला हवेत. आमचे ३०'-३" आणि २९'-९" आले, म्हणजे चौक तिरका. जुना वाडा गुनियात नसतोच असं समजून चला. फक्त आपली आधाररेषा अ-ब आणि तिला काढलेला लंब गुनियात हवा. लंब काढायला ९-१२-१५ फुटांचा त्रिकोण घ्या. ३-४-५ चा घेतला तर सुताची चूक लांबवर मोठी होते.

पातळीसाठी पारदर्शक पाणीनळी. लेझर असेल तर उत्तमच, पण भर दिवसा चौकात त्याचा ठिपका दिसत नाही. नळीत बुडबुडा नाही ना बघा, आणि जोत्याच्या वर ३ फुटांची खूण उभ्या असलेल्या भिंतींवर खडूने करा.

शेवटचं काम ओळंब्याचं. चौकाच्या एका कोपऱ्यात वरच्या तुळईवरून जाड दोरीने ओळंबा सोडा, खालचं वजन पाण्याच्या बादलीत बुडवा म्हणजे झुलणार नाही, आणि दोरीवर एकाखाली एक दोन काळे-पांढरे चौकटीदार कार्ड चिकटवा. फोटोंमध्ये ही दोन कार्डं आली की संगणकाला 'उभं' म्हणजे काय हे सांगता येतं. भिंतीवर विसंबू नका, जुनी भिंत वर जाताना निमुळती होते. तशीच आणखी चार कार्डं उभ्या भिंतींवर चिकटवा, अंतरं मोजायला.

तपासा: अ, ब आणि भिंतींवरच्या चार कार्डांमधली मिळून किमान सहा अंतरं वहीत आहेत? त्यातल्या दोन अंतरांभोवती गोल करून ठेवा. ती मॉडेल बनवताना वापरायची नाहीत, फक्त शेवटी पडताळणीला.

टप्पा ३: फोटो

फोटोंवरून त्रिमितीय मॉडेल तयार होतं, कारण तीच वस्तू दोन वेगळ्या जागांवरून दिसते. म्हणून एका जागी उभं राहून गरागरा फिरत फोटो काढलेत तर काही उपयोग नाही. बाजूला सरका, फोटो काढा, पुन्हा सरका. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतला ७० ते ८० टक्के भाग आला पाहिजे. चौकाला तीन फेऱ्या मारा: गुडघ्याच्या उंचीवरून, छातीच्या उंचीवरून आणि काठीने डोक्याच्या वरून. प्रत्येक फेरी जिथे सुरू केली तिथेच संपवा. आमच्या चौकाला साडेतीनशेच्या आसपास फोटो लागले.

फोन असेल तर १एक्स भिंग. ०.५एक्स मध्ये कडा वाकतात. पोर्ट्रेट, ब्युटी, सगळं बंद. फोकस आणि उजेड लॉक करा, नाहीतर ढेळजेतून चौकात येताना प्रत्येक फोटोचा रंग बदलतो.

उन्हाची तिरीप चौकात येण्याआधी सुरुवात करा. अर्धा चौक उन्हात आणि अर्धा सावलीत असताना काढलेले फोटो जुळतात कसेबसे, पण नंतर मॉडेलवर ती सावली कायमची चिकटून बसते आणि आभासी खोलीची सावली दुसरीकडे पडते. बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं.

चुना लावलेली कोरी भिंत ही संगणकाची डोकेदुखी. तिच्यावर ओळखायला काहीच नसतं. तिथे वर्तमानपत्राचे वेडेवाकडे तुकडे चिकटपट्टीने लावा, काम झालं की काढा. ऑईल पेंटचा चकचकीत पट्टा असेल तर तिथेही हेच. दोरीवरचे कपडे काढायला लावा, कोंबड्या हाकला, आणि कडुलिंबाची फांदी हलत असेल तर वारा पडायची वाट बघा.

आयफोनच्या प्रो फोनांमध्ये २०२० पासून लायडार (प्रकाशाने अंतर मोजणारा सेन्सर) आहे. झटपट आराखड्याला बरा, पण त्याचा पल्ला साधारण ५ मीटर आणि चौकाला फेरी मारून आलं की सुरुवात-शेवट जुळत नाहीत. २०२३ पासून गॉशियन स्प्लॅटिंगचा (फोटोंवरून त्रिमितीय दृश्य उभं करायच्या पद्धतीचा) बोलबाला आहे. त्यातून वाडा इतका सुंदर दिसतो की घरच्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, पण त्यावरून मापं घेऊ नका. ते असंख्य रंगीत ठिपक्यांचं धुकं असतं, त्यात भिंतीचा पृष्ठभाग असा नसतोच.

तपासा: गाव सोडण्याआधी सगळे फोटो लॅपटॉपवर घ्या आणि पुसट झालेले वेगळे काढा. कोपऱ्यांचे आणि ढेळजेच्या उंबऱ्याचे फोटो पुरेसे आहेत का ते बघा. हे दोन भाग हमखास कमी पडतात आणि त्यासाठी पुन्हा साठ किलोमीटर यावं लागतं.

टप्पा ४: संगणकावर माप बसवणं

फोटोंवरून मॉडेल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी मेशरूम फुकट आहे, पण पूर्ण मॉडेल काढायला संगणकात एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड लागतं. मेटाशेप विकतचं आहे आणि चौकटीदार कार्डांवरच्या खुणा त्यात सोप्या जातात. कोणतंही वापरा, एक गोष्ट लक्षात ठेवा: नुसत्या फोटोंमधून आकार मिळतो, माप मिळत नाही. वाडा २४ फुटांचा आहे की २४ इंचांचं खेळणं, हे सॉफ्टवेअरला कळत नाही. ते तुम्ही सांगायचं.

सांगताना सगळ्यात लांब अंतर द्या. मी पहिल्या कामात दाराच्या चौकटीवरून माप दिलं. चौकट ३३ इंच. पण ३३ आतून की खाचेपासून, यात अर्ध्या इंचाचा घोळ झाला. अर्धा इंच म्हणजे किती? ३३ मध्ये दीड टक्का. तोच दीड टक्का २४ फुटांवर गेला आणि सव्वाचार इंचांहून जास्त झाला. चौकात उभं केलेलं कपाट खांबातून आरपार. घरमालक काही बोलले नाहीत, फक्त खांबाला हात लावून माझ्याकडे बघत राहिले.

क्रम असा ठेवा. अ-ब अंतर देऊन माप बसवा. मग 'अ' ला शून्यबिंदू करा. मग अ ते ब ही एक अक्षरेषा. मग ओळंब्याच्या दोन कार्डांवरून उभी दिशा. या चारांपैकी काही राहिलं तर पुढच्या प्रत्येक टप्प्यावर हाताने सरकवत बसावं लागतं, आणि हाताने सरकवलेली गोष्ट पुन्हा तशीच सरकवता येत नाही.

तपासा: गोल करून ठेवलेली दोन अंतरं आता मॉडेलमध्ये मोजा. २४ फुटांत अर्ध्या इंचाच्या आत फरक असेल तर पुढे जा. जास्त असेल तर कार्डांच्या खुणा पुन्हा लावा. "चालतंय की" म्हणून पुढे जाऊ नका.

टप्पा ५: नवी खोली

इथे तुमचं डिझाईन. त्याबद्दल मी काही सांगणार नाही, फक्त ते जागेवर नेण्याबद्दल.

पहिली गोष्ट, वाड्याचं अख्खं स्कॅन फोनमध्ये घालू नका. वाडा तिथे उभाच आहे! फोनमध्ये फक्त नवी खोली हवी, आणि तिच्यासोबत समोरच्या खऱ्या खांबांच्या जागी अदृश्य ठोकळे. या ठोकळ्यांचं काम आडोसा धरण्याचं. ते नसले तर नवी भिंत खऱ्या खांबाच्या पुढे येऊन दिसते आणि डोळा लगेच फसवणूक पकडतो. ब्लेंडरमध्ये (त्रिमितीय मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) स्कॅनवरून हे ठोकळे काढायला अर्धा तास लागतो. हीच पायरी सगळे गाळतात.

दुसरी, सावली. भिंत जमिनीला टेकते तिथे हलकी काळसर कड आणि ओट्याखाली सावली नसेल तर माप कितीही अचूक असो, खोली तरंगते. सुरुवातीला म्हटलेल्या तरंगण्यातलं अर्धं तरंगणं हेच.

वजन आटोक्यात ठेवा. मॉडेलचा पृष्ठभाग छोट्या त्रिकोणांचा असतो; साध्या फोनसाठी एकूण एक लाख त्रिकोणांच्या आत आणि पोत (पृष्ठभागावर चिकटवलेली चित्रं) २०४८ पिक्सेलचे. मंगलोरी कौलं एकेक करून घडवू नका, पोतात भागतं.

फाइल बाहेर काढताना माप आणि फिरकी आधी मॉडेलमध्ये मुरवून घ्या (ब्लेंडरमध्ये 'अप्लाय'), आणि जीएलबी या फाइल प्रकारात द्या. जीएलबीचं एकक मीटर आहे. एफबीएक्स या दुसऱ्या प्रकारातून नेताना मीटर-सेंटिमीटरच्या गोंधळात खोली शंभरपट मोठी किंवा छोटी होते. मोठी झाली तर काहीच दिसत नाही, कारण तुम्ही कुठल्यातरी विटेच्या आत उभे असता.

सावधान: वेबपानावरचं साधं एआर दाखवणारं साधन वापरत असाल तर त्यात 'स्केल' फिक्स्ड करा. नाहीतर बघणारा दोन बोटांनी खोली लहान-मोठी करतो आणि वर म्हणतो, "एवढीशी खोली?" शिवाय त्यात खोली जिथे बोट लावाल तिथे बसते, खुणांवर नाही. खुणांवर बसवायची तर युनिटीसारख्या गेम इंजिनात छोटं अॅप केलेलं बरं.

तपासा: खोलीआधी नुसता एक मीटरचा ठोकळा घेऊन जा. तो जमिनीवर ठेवा, शेजारी टेप धरा. तो एक मीटर भरत नसेल तर घरी जा.

टप्पा ६: खरा सांगाडा

हा टप्पा लोकांना 'हाय-टेक' वाटत नाही म्हणून टाळला जातो. माझ्या मते अख्ख्या कामातला सर्वात उपयोगी हाच.

खरं काय ठेवायचं? जिथे हात टेकतो, पाय अडखळतो आणि बूड टेकतं, ते खरं. बाकी आभासी. आमच्या खोलीसाठी यादी एवढीच निघाली: उंबरा, ओटा, एक जुनी चौकट आणि एक खांब.

ओट्यासाठी विटा कोरड्याच रचा, चुना-सिमेंट काही नको. ३ इंची विटेचे सहा थर म्हणजे १८ इंच. वर फळी आणि सतरंजी. फळीची जाडी धरून उंची मॉडेलशी तंतोतंत जुळवा, कारण बसताना माणूस डोळ्यांवर विश्वास ठेवून मागे जातो आणि ओटा दोन इंच खाली असला तर दचकतो. आडव्या मापात मात्र खरी वस्तू आभासीपेक्षा अर्धा इंच आत ठेवा. बाहेर राहिली तर आभासी भिंतीतून विटेचा कोपरा डोकावतो.

चौकट पडक्या बाजूच्या ढिगाऱ्यात मिळतेच. तिला मागून बांबूचे टेके द्या आणि दोरीने बांधा. ती पडली तर कोणाच्या तरी अंगावर पडणार. खांबासाठी बांबूला गोणपाट गुंडाळून जाडी आणा. छताची उंची दाखवायला चारही बाजूंनी सुतळी ताणा. फोन बंद पडला तरी गवंड्याला सुतळीवरून सगळं समजतं, आणि खरं सांगायचं तर अर्धे निर्णय तिथेच होतात.

टप्पा ७: जुळवणी

फोनसाठी: 'अ' आणि 'ब' वर एकेक छापील खूणचित्र (फोनच्या कॅमेऱ्याने ओळखायचं चित्र) ठेवा. ए-३ किंवा मोठं, मॅट कागद, खाली कडक सनबोर्ड. फ्लेक्सवर छापू नका, तो लोळतो. चकचकीत लॅमिनेशन करू नका, सूर्य चमकला की कॅमेऱ्याला काही दिसत नाही. दुकानदार 'पानावर बसवून' छापतो आणि चित्र दोन-तीन टक्के लहान होतं, म्हणून छापल्यावर पट्टीने मोजा आणि आलेलं माप अॅपमध्ये टाका.

चित्र कसलं? एका मुलीने सुंदर ठिपक्यांची रांगोळी काढून आणली होती. दिसायला छान, कामाला शून्य: चारही बाजूंनी सारखी, तेच तेच आकार, फोनला वर कुठे ते कळेना. अनियमित, भरपूर तीव्र फरकाचं चित्र घ्या. ढिगाऱ्यातल्या दगडांचा जवळून काढलेला काळा-पांढरा फोटो उत्तम चालतो.

एकाच खूणचित्रावर भागवू नका. दिशा एक अंशाने चुकली तर २४ फुटांवर पाच इंचांचा फरक पडतो. 'अ' वरून जागा घ्या, अ-ब वरून दिशा, आणि पातळी फोनच्या स्वतःच्या सेन्सरवरून. एकदा जुळलं की खूणचित्रं ओळखणं बंद करा, नाहीतर खोली सतत थरथरत राहते.

चष्म्यासाठी: क्वेस्टसारख्या चष्म्यात कंट्रोलरचं टोक आधी 'अ' वर आणि मग 'ब' वर टेकवून जुळवणं सोपं. त्याआधी जमिनीची पातळी पक्की करा. चष्म्याने जमीन तीन इंच वर धरली तर दारं बुटकी वाटतात आणि सगळे तुमच्या डिझाईनला नावं ठेवतात.

सावधान: चष्म्याच्या आतल्या भिंगांवर थेट ऊन पडू देऊ नका. भिंगं ऊन एकवटतात आणि पडद्यावर कायमचा डाग पडतो. कोणी चष्मा काढून उलटा ओट्यावर ठेवला की संपलं. चौकावर ताडपत्री बांधा, आणि चष्मा डोळ्यांवर नसेल तेव्हा पिशवीत.

गावात रेंजचा भरवसा नाही, म्हणून सगळं अॅपमध्येच हवं, इंटरनेटवरून काही उतरवायचं नाही. वीज जाणार हे धरून दोन पॉवर बँक ठेवा.

तपासा: 'अ' जवळ जुळवून झाल्यावर चौकाच्या दूरच्या टोकाला जा. आभासी ओटा खऱ्या विटांवर बसला आहे का ते तिथून बघा. जवळून सगळंच जुळलेलं दिसतं. फिरून परत आल्यावरही एकदा बघा.

टप्पा ८: माणसं आत नेणं

एका वेळी एकच माणूस, हाताशी एक सोबती, पाच-सात मिनिटं. जमिनीवर रांगोळीने हद्द आखा. चौकात आड (विहीर) असेल तर त्यावर फळ्या टाका आणि वर माणूस बसवा. जिन्यावर आणि माळवदावर चष्मा घालून कोणालाही नेऊ नका, तुम्ही स्वतःही जाऊ नका. कळ दाबून दृश्य सरकवू नका. जायचं तिथे पायाने जाऊ द्या, म्हणजे मळमळ होत नाही.

समजावून सांगू नका, काम सांगा. "आज्जी, इथं बसा." "काका, ती खिडकी उघडा बघू." हात कुठे गेला, मान कुठे वाकली, हे वहीत लिहा. आज्जी ओट्यावर बसल्या, उजव्या हाताने काहीतरी चाचपलं आणि म्हणाल्या, "टेकायला काय नाही की इथं." भिंत त्यांना दिसत होती, पण पाठीला लागत नव्हती. आम्ही तिथे एक फळी उभी केली आणि पुढच्या प्रत्येकाने तिला टेकूनच बोलणं केलं. नंतर त्या भिंतीची जाडी वाढवून टेकायला पडदी केली.

दुसरा प्रसंग विसरता येत नाही. आम्ही हौसेने छत जुन्या पद्धतीचं केलं होतं: सागवानी कड्या, वर जाड मातीचं माळवद. साठीतल्या एका काकांनी चष्मा घातला, वर बघितलं आणि सोबत्याचा हात सोडून चौकाच्या मध्यात जाऊन उभे राहिले. "डोक्यावर यायलंय की रं हे." किल्लारी इथून लांब नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात जड छतांखाली काय झालं, हे त्या पिढीला सांगावं लागत नाही. आमच्या लक्षात यायला हवं होतं. आता या भागात मी पहिल्यांदा छताशिवाय खोली दाखवतो, मग हलकं छत, आणि वर बघायचं का हे आधी विचारतो.

टप्पा ९: गवंड्याच्या हातात कागद

दाखवणं संपलं की लगेच, लोक पांगायच्या आत, ठरलेले बदल जमिनीवर फक्कीने आखा. चष्म्यातले निर्णय हवेत राहतात. "खिडकी थोडी इकडे" यातलं 'थोडी' म्हणजे किती, ते सगळ्यांसमोर टेपने मोजा, 'अ' पासून. मग मॉडेल सुधारा, फाइलच्या नावात तारीख टाका आणि जुनी फाइल पुसून न टाकता बाजूला ठेवा, कारण आठ दिवसांनी पुण्याचे भाऊ फोन करून पहिलीच मागतात.

गवंड्याला मॉडेल देऊ नका. एक कागद द्या: अ, ब, प्रत्येक कोपऱ्याचं दोघांपासूनचं अंतर, कर्ण, आणि जोत्यावरच्या ३ फूट खुणेपासून उंची. सगळं फूट-इंच-सूत मध्ये. दोन प्रती काढा, एक प्लास्टिकमध्ये घालून ढेळजेत टांगा.

आणि पाया खणायला सुरुवात होण्याआधी 'अ' आणि 'ब' ची जागा दाखवणाऱ्या खुणा न पडलेल्या भिंतींवर घेऊन ठेवा. खणताना पहिला घाव हमखास तुमच्या खिळ्यावरच बसतो.